कपाटातला बर्फ मांजरपाटावर पिवळा दिसतो

चित्रपट : द क्रॉनिकल्स ऑफ नार्निया – द लायन, द विच अँड द वॉर्डरोब (2005). दिग्दर्शक अँड्र्यू अ‍ॅडमसन. लांबी 143 मिनिटं. मूळ कादंबरी सी. एस. लुईस यांची, 1950 सालची.

निकाल आधीच सांगून टाकलेला बरा. हा पिक्चर बारीकसारीक गोष्टींत फार चांगला आहे आणि मोठ्या गोष्टींत नुसताच मोठा आहे. कपाटाचं दार, कोटांची रांग, बर्फात उभा दिव्याचा खांब, बकरीच्या पायांच्या माणसाची छत्री, इथे तो पुस्तकाच्या खांद्याला खांदा लावून चालतो. लढाईला तोंड फुटलं की त्या काळातल्या दहा पिक्चरांसारखा अकरावा होतो. आता गंमत अशी की गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटांगणात कापड बांधून हा पिक्चर लावला तर सगळ्यात आधी मरतात त्या बारीक गोष्टीच. लढाई कोणत्याही भिंतीवर दिसते आणि कोणत्याही भोंग्यातून ऐकू येते. म्हणून इथे पिक्चर कसा आहे याच्या जोडीने तो लावायचा कसा, हेही लिहिलं आहे. वर्धा असो, गोंदिया असो की मेळघाट, अडचणी त्याच आहेत.

पुस्तक 17 प्रकरणांचं, छोटेखानी. लंडनवर बॉम्ब पडतात म्हणून पीटर, सुझन, एडमंड आणि लूसी या चार भावंडांना गावाकडे एका म्हाताऱ्या प्रोफेसरच्या वाड्यात पाठवतात, हे लुईस एका दमात सांगून मोकळा होतो. पिक्चर मात्र तिथेच सुरू होतो. रात्र, विमानं, अंगणातल्या खंदकाकडे पळणारी आई, वडिलांच्या फोटोसाठी घरात परत धावणारा एडमंड, मग स्टेशनवर कोटाला नावाची चिठ्ठी लावलेली मुलं. ही भर चांगली आहे. एडमंड पुढे जो वाकडा वागतो त्याचं मूळ इथे दिसतं. पण आपल्या पोट्ट्यांना हे आधी सांगावं लागतं, नाहीतर पहिली दहा मिनिटं ‘हा लढाईचा पिक्चर आहे का?’ यातच जातात. सांगायचं इतकंच : आपल्याकडे उन्हाळ्यात शहरातली पोरं मामाच्या गावाला येतात ती सुटीसाठी, ही चौघं गावाकडे आली ती जीव वाचवायला, आणि आई मागेच राहिली. ब्रिटनमध्ये सप्टेंबर 1939 पासून अशी लाखो मुलं गावोगाव पाठवली गेली. खुद्द लुईसच्या ऑक्सफर्डजवळच्या घरातही त्यातल्या काही मुली राहिल्या होत्या.

आता कपाट. इथे थोडं थांबू.

पुस्तकात लूसी पहिल्यांदा कपाटात शिरते ती पावसाच्या दिवशी वाडा धुंडाळताना. खोलीत कपाटाशिवाय काही नाही, खिडकीत एक मेलेली माशी. पिक्चरमध्ये लपाछपी चालू आहे आणि वरून पीटरचे आकडे ऐकू येताहेत. रिकाम्या खोलीत पांढऱ्या चादरीने झाकलेलं काहीतरी उभं असतं. लूसी चादर ओढते, ती घसरत खाली येते आणि नक्षीदार लाकडी कपाट समोर येतं. संगीत जवळजवळ थांबलेलं. मग कोट, कोटांमागे आणखी कोट, मग हाताला टोचणाऱ्या फांद्या, मग पायाखाली बर्फ. हाच नार्निया, चेटकिणीने कायमच्या हिवाळ्यात गोठवलेला देश. लूसीचं काम करणाऱ्या जॉर्जी हेन्लीला तो बर्फाच्या जंगलाचा सेट आधी दाखवलेलाच नव्हता. कॅमेरा सुरू होईपर्यंत तिचे डोळे बांधून ठेवले होते. पडद्यावर दिसतं ते आश्चर्य खरं आहे, शिकवलेलं नाही. अख्ख्या पिक्चरमध्ये एवढा एकच चेहरा नीट दिसला तरी अर्धं काम झालं.

आपल्या पोट्ट्यांच्या डोक्यात कपाट म्हणजे लोखंडी. आरसा, आत लॉकर, घडी घातलेल्या साड्या. नाहीतर पत्र्याची पेटी. ज्यात माणूस उभा चालत जाऊ शकतो, ज्यात कपडे टांगलेले असतात, असं लाकडी कपाट बहुतेकांनी पाहिलेलंच नसतं. फळ्यावर खडूने काढून दाखवा. खाली दोन गोल काढून ‘डांबराच्या गोळ्या’ म्हणा, की त्या वासासकट कपाट पोरांच्या डोक्यात उभं राहतं. पुस्तकात त्या गोळ्या आहेतच : दार उघडताच दोन बाहेर पडतात, आणि पायाखाली करकर वाजतं तेव्हा लूसीला आधी वाटतं की गोळ्याच असतील. असतो बर्फ.

त्याच वेळी एक ताकीद देऊन ठेवा. पिक्चर पाहून घरी गेलेलं पोट्टं हमखास कपाटात शिरतं. लोखंडी कपाटाचा खटका बाहेरून लागतो, आतून उघडत नाही. लुईसने पुस्तकात पुन्हा पुन्हा बजावलं आहे की कपाटात शिरून दार लावून घेणं हा मूर्खपणा आहे, आणि लूसी दार उघडंच ठेवते. त्याचाच हवाला द्या, पोरं ऐकतात.

बर्फ पांढरा दिसायला हवा, आणि पहिली चूक होते ती कापडात. पडदा म्हटलं की गावात मांजरपाट आणतात. कोरा मांजरपाट मळकट पिवळसर असतो. ढिशूम-ढिशूमचे पिक्चर त्यावर खपतात. इथे पिक्चरचा मोठा भाग बर्फात आहे आणि तो बर्फ ताकासारखा दिसतो. चेटकिणीचा गोरा चेहरा काविळीचा वाटतो. चादरीचं 90 इंच पन्ह्याचं शुभ्र, घट्ट विणीचं कापड साडेतीन मीटर घ्या आणि आडवं बांधा. पन्हा साडेसात फुटांचा असल्यामुळे मध्ये शिवण येत नाही. शिवण आली तर ती नेमकी लूसीच्या कपाळावरून जाते. वरच्या नेफ्यात दोरी, खालच्या नेफ्यात बांबू, बांबूला दोन्ही टोकांना विटा. कापडामागे भिंत असली तर उत्तम. नसली तर मागून काळं कापड लावा, नाहीतर निम्मा उजेड कापडातून पलीकडे जातो आणि मागच्या बाजूने बसलेल्या टारगटांना उलटा पिक्चर फुकट दिसतो.

हा पिक्चर आडवा लांबट आहे, रुंदी उंचीच्या सुमारे 2.39 पट. दहा फूट रुंद चित्राची उंची भरते जेमतेम सव्वाचार फूट. शाळांत पडून असलेले जुने प्रोजेक्टर 4:3 मापाचे. त्यांचा उजेड दहा बाय साडेसात फुटांवर पसरतो, म्हणजे शंभरातला चव्वेचाळीस टक्के उजेड वरखालच्या काळ्या पट्ट्यांत वाया. 16:9 वाल्याचा पाव भाग जातो. त्यामुळे जुना प्रोजेक्टर असेल तर दहा फुटांचा हट्ट सोडा, आठ फुटांवर थांबा. चित्र लहान पण उजळ बरं. आणि कोणीतरी शहाणा रिमोट घेऊन ‘पडदा पूर्ण भरतो’ म्हणत चित्र ताणतो, त्याच्या हातातून रिमोट काढून घ्या. ताणलं की चारही भावंडं ताडमाड होतात. कापून भरलं की कडेची माणसं जातात, आणि या पिक्चरमध्ये कडेला फार काही घडतं.

भाड्याने आणायचा तर 3000 लुमेनच्या (हे प्रोजेक्टरच्या उजेडाचं माप) खाली घेऊ नका. दिव्याचे तास मेनूत दिसतात, दुकानातच लावून बघा. दिवा थकलेला असला की कागदावरचे 3000 प्रत्यक्षात अर्धेही उरत नाहीत.

बाहेरचा उजेड हा दुसरा शत्रू. ग्रामपंचायतीचा एलईडी दिवा बहुतेक शाळांच्या फाटकावरच असतो. तो तीन तास बंद करायला आधी सांगून ठेवा, आयत्या वेळी माणूस सापडत नाही. शक्यतो अमावास्येच्या आसपासची रात्र धरा. आणि शेकोटी! थंडीत मोठी माणसं कडेला शेकोटी पेटवतातच. तिची तांबूस झाक कापडावर नाचते, धूर प्रोजेक्टरच्या झोतात तरंगतो आणि बर्फात वणवा लागल्यासारखं दिसतं. शेकोटी पडद्याच्या मागे, वाऱ्याच्या खालच्या अंगाला.

पण लावायचा थंडीतच. मे महिन्यात पारा 45 ला टेकलेला असताना, रात्री साडेआठलाही जमीन भाजत असताना पोट्ट्यांना अंगावर कोट चढवणारी भावंडं दाखवली तर ती हसतात. त्यात उन्हाळ्यात सातपर्यंत उजेड असतो, पिक्चर संपायला साडेदहा होतात. पावसाळ्यात किडे : लेन्ससमोर एक पाखरू बसलं की पडद्यावर गिधाड दिसतं. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सहाच्या आसपास जातो, साडेसहाला काळोख, सव्वानऊच्या आत सगळे घरी. शाल गुंडाळलेल्या, नाकातून वाफ सोडणाऱ्या पोरांना नार्नियाची थंडी वेगळी सांगावी लागत नाही. फक्त दव सांभाळा. नवाच्या सुमारास वैनगंगेच्या पट्ट्यात कापड ओलसर होऊन पोटाशी झुकतं. मध्यंतरात दोरी पुन्हा ताणा. प्रोजेक्टरवर छत्री धरा, पण त्याच्या पंख्याची तोंडं झाकू नका.

विजेचं गणित थंडीत अवघड होतं. रब्बीच्या मोटरी सुरू झाल्या की गावचं व्होल्टेज कोसळतं, दिव्याचा प्रोजेक्टर विझतो, आणि विझलेला गरम दिवा थंड झाल्याशिवाय पुन्हा लागत नाही. पाच-सात मिनिटं तरी जातात आणि पोरं उठतात. म्हणून सुरुवातीपासूनच इन्व्हर्टरवर चालवा. प्रोजेक्टर 300 वॅट, आवाज 100, लॅपटॉप 60, मिळून 460. 150 अँपिअर-तासांची नवी 12 व्होल्टची बॅटरी हा भार अडीच ते तीन तास ओढते. मध्यंतर धरून पिक्चरला लागतात 2 तास 40 मिनिटं. म्हणजे नवी, पूर्ण भरलेली बॅटरी काठावर पुरते, दोन-तीन उन्हाळे खाल्लेली पुरत नाही. जुनी असेल तर लाईट असेपर्यंत लाईनवर चालवा आणि स्टॅबिलायझर मध्ये घाला.

आवाजाबद्दल एकच गोष्ट नीट लक्षात घ्या. या पिक्चरच्या सहा पट्ट्यांच्या आवाजात बोलणं मुख्यतः मधल्या पट्टीत असतं. लॅपटॉप-प्लेअरने फक्त डावी-उजवी पट्टी बाहेर काढली की संगीत दणदणतं आणि माणसं पुटपुटतात. सगळे मग आवाज वाढवतात, आणि पुढच्या लढाईला म्हाताऱ्या बायका कानावर पदर घेतात. प्लेअरच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘स्टिरिओ’ हा पर्याय निवडला की मधली पट्टी दोन्हीकडे मिसळते. डीजेचे मोठे खोके आणू नका. बारा इंची दोन स्पीकर पडद्याच्या दोन बाजूंना, स्टुलावर, बसलेल्या पोराच्या कानाच्या उंचीला. बास निम्म्यावर. तपासायला लढाई लावू नका, बकरीच्या पायांचा टुम्नस लूसीला घरी चहाला नेतो तो भाग लावा. मागच्या रांगेतून त्याचं हळू बोलणं कळलं तर सगळं कळेल.

भाषेचं म्हणाल तर हिंदी डब बरा. आपल्याकडच्या पोरांना हिंदी ओठावर असते, आणि खालची इंग्रजी अक्षरं चौथीपर्यंतच्यांना त्या वेगाने वाचून होत नाहीत. डिस्क घेताना पाठीमागे भाषांच्या यादीत हिंदी आहे का ते पाहून घ्या. तोटा एवढाच की सिंहाला लियम नीसनचा खर्जातला आवाज आहे आणि चेटकिणीला टिल्डा स्विंटनचा, हे दोन्ही डबमध्ये जातात. मोठ्यांनी कधीतरी इंग्रजीतून पुन्हा पाहावा तो या दोघांसाठी.

स्विंटनबद्दल वेगळं लिहायलाच हवं. आपल्या गोष्टींतली चेटकीण केस सोडून, दात काढून येते. ही शांत आहे. एडमंडला गाडीत बसवते, अंगावर पांघरूण घालते, हळू बोलते. तिच्या डोक्यावरचा बर्फाचा मुकुट पिक्चर पुढे सरकेल तसा लहान होत जातो. हिवाळा हटतो आहे हे कोणी न सांगता तिथे दिसतं. दर खेपेला पोरांना मुकुटाकडे बघायला सांगा. पडदा उजळ नसेल तर हे कोणाला दिसणारच नाही, म्हणून वरची कापडाची एवढी कटकट.

आणि ती मिठाई. टर्किश डिलाईटच्या एका डब्यासाठी एडमंड भावंडांना विकायला निघतो, हे पोरांना पटत नाही. ‘एवढ्याशा मिठाईसाठी? भैताड आहे का हा?’ असंच विचारतात. उत्तर पिक्चरमध्ये नाही, इतिहासात आहे. ब्रिटनमध्ये जानेवारी 1940 पासून साखर रेशनवर होती. पुस्तक आलं त्या 1950 सालीही मिठाई रेशनवरच होती, ती मोकळी झाली 1953 मध्ये. तिथल्या मुलाला मिठाईचा अख्खा डबा म्हणजे काय, ते सांगावं लागत नव्हतं. शिवाय पुस्तकात स्पष्ट आहे की ती मंतरलेली आहे, खाल्ली की आणखी हवी होते. पिक्चरमध्ये हे नुसतं निसटतं.

चवीला ती आपल्या कराची हलव्याची चुलतबहीण, फक्त तूप नाही. करून दाखवायची तर अर्धा किलो साखर, 90 ग्रॅम कॉर्नफ्लॉवर, पाऊण लिटर पाणी, एका लिंबाचा रस, दोन चमचे गुलाबपाणी. साखर, लिंबू आणि निम्म्या पाण्याचा एकतारी पाक. उरलेल्या थंड पाण्यात कॉर्नफ्लॉवर कालवून वेगळं शिजवून घट्ट करायचं, त्यात पाक थोडा थोडा ओतायचा आणि मंद आचेवर 40 ते 50 मिनिटं ढवळत राहायचं. कडा सोडून गोळा एकत्र फिरायला लागला की गुलाबपाणी घालून तेल लावलेल्या ताटात ओता. रात्रभर ठेवा, चौकोनी वड्या पाडा, पिठीसाखर आणि कॉर्नफ्लॉवर समसमान घेऊन त्यात घोळवा. लवकर उतरवलं तर वडी पडत नाही, चिकटते. लिंबू विसरलं तर दुसऱ्या दिवशी साखर दाणेदार होते. फ्रिजमध्ये ठेवलं तर घाम सुटून वरची पिठी विरघळते. लहान वड्या पाडल्या तर साठ-सत्तर होतात. वाटायच्या मात्र एडमंडच्या प्रसंगानंतर, आधी नाही.

बाकी मंडळींत टुम्नस झालेला जेम्स मॅकॅव्हॉय गोड आहे, कमरेखालचे बकरीचे पाय संगणकाने जोडलेले असूनही चाल खटकत नाही. रंगभूषेला या पिक्चरला ऑस्कर मिळालं, ते योग्य मिळालं. बीव्हर हा प्राणी आपल्याकडे नाही. पाणमांजर म्हणून वेळ मारून नेता येते, पण पाणमांजर बांध घालत नाही. हा दातांनी झाडं पाडून ओढ्याला बंधारा घालतो, असं सांगितलं की वनराई बंधारे पाहिलेल्या पोरांना लगेच कळतं. अस्लान म्हणजे तुर्कीत सिंहच. ताडोबा-पेंचच्या मुलखात सिंहाला भाव मिळेल का ही शंका असते, पण आयाळीचा केस न् केस इतका जिवंत आहे की पोरं गप्प होतात. 2005 चं संगणकी काम असून आजही तो खोटा वाटत नाही, लांडगे मात्र एक-दोन ठिकाणी वाटतात.

सांताक्लॉज येऊन भेटी वाटतो : पीटरला ढाल-तलवार, सुझनला धनुष्य आणि शिंग, लूसीला खंजीर आणि जखम भरणारं औषध. तिथे मध्यंतर करा. पिक्चरला स्वतःचं मध्यंतर नाही, ही जागा साधारण मध्यावर येते. पुस्तकातला सांता मुलींना सुनावतो की बायका लढल्या की लढाया कुरूप होतात. पिक्चरने ते बदलून ‘लढाया कुरूपच असतात’ एवढंच ठेवलं. हा बदल शहाणपणाचा आहे. उकडलेल्या तुरीच्या शेंगा, मुरमुऱ्याचा चिवडा, पंधरा मिनिटं. कुरकुरीची पाकिटं वर्ज्य, शंभर पाकिटांच्या आवाजात पुढचं काही ऐकू येत नाही.

मध्यंतरानंतर लगेच फुटणाऱ्या बर्फाच्या नदीवरचा प्रसंग आहे. पुस्तकात तो नाही. पोरांना आवडतो, पुस्तक वाचलेल्या मोठ्यांना उगाच ताणलेला वाटतो, आणि दोघांचंही खरं आहे. जास्त खटकते सुझन. पुस्तकात ती जरा सावध आहे. पिक्चरमध्ये तिला दर वळणावर ‘परत जाऊ या’ म्हणायला लावलंय आणि पीटरला चिडायला. लिहिणाऱ्यांना भांडण हवं होतं, ते बिचारीच्या गळ्यात पडलं.

दगडी चौथऱ्यावर एडमंडच्या बदल्यात अस्लानला बांधून, आयाळ भादरून मारतात, तो भाग पहिली-दुसरीच्या पोरांसाठी जड आहे. तिसरीपासून पुढे ठीक. लहान भाऊ-बहिणी येणारच असतील तर त्यांना आईजवळ बसवा आणि आधी सांगून टाका की सिंह परत येतो. गोष्टीची मजा त्याने जात नाही. लुईसच्या मनात इथे ख्रिस्ताची कथा आहे, हे लपवण्यासारखं नाही आणि त्यावरून कोणी कपाळाला आठ्या घालण्यासारखंही नाही. नागाच्या जागी स्वतःला गरुडापुढे ठेवणाऱ्या जीमूतवाहनाची गोष्ट सांगा, मग हा प्रसंग परका राहत नाही. दोर कुरतडणारे उंदीर पोरांना दाखवा. एवढ्या मोठ्या दुःखात लुईसला उंदीर सुचले आणि पिक्चरने ते ठेवले.

लढाई. पुस्तकात ती दोन-चार पानांत आटपते, तिचा बराच भाग नंतर कोणीतरी सांगतो. पिक्चरमध्ये न्यूझीलंडच्या मोठाल्या खडकांच्या माळावर दोन्हीकडून सैन्य धावतं, आकाशातून दगड पडतात, गेंडे, नरघोडे, आगीचा पक्षी, सगळं आहे. शंकरपटात बैलांच्या जोड्या सुटतात तसा पहिला मिनिटभर अंगावर काटा येतो. पण पटाची धाव काही सेकंदांत संपते, म्हणून ती पट. इथे धाव संपतच नाही. आपल्या झाडीपट्टीत रात्रभर नाटक पाहणाऱ्यांना लांबीची भीती नसते. नुसता गलबला आणि त्यात कोणाचं काय पणाला लागलंय ते कळत नाही, तेव्हा तेही मागे वळून गप्पा मारायला लागतात. एडमंड चेटकिणीची छडी तोडतो तेवढा क्षण चुकवू नका. आधीपासून आवाज दोन घरं खाली ठेवा.

शेवटाकडे चौघं राजे-राण्या होऊन मोठे होतात, पांढऱ्या हरणामागे घोडे घालतात, दिव्याच्या खांबापाशी येतात आणि फांद्यांतून कोटांत, कोटांतून खोलीत धडपडतात. पुन्हा पोरंच. इकडे क्षणही गेलेला नाही. इथे हात वर होतात. नारद पाण्यात बुडी मारतो, संसार करतो, म्हातारा होतो आणि वर येतो तर डुबकीच चालू असते, ही गोष्ट तयार ठेवा.

लावायच्या हक्काबद्दल दोन ओळी. घरगुती डिस्क जत्रेत, तिकिटावर किंवा चौकात लावता येत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये शाळेच्या उपक्रमात विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित माणसांपुरतं चित्रपट दाखवायला मोकळीक आहे. तेव्हा कार्यक्रम शाळेच्या नावाने, शाळेच्या आवारात, फुकट. गावभर भोंगा फिरवू नका.

शक्य असेल तर आदल्या दिवशी पुस्तकाचं पहिलं प्रकरण वर्गात आपल्या शब्दांत सांगा आणि लूसी कपाटाशी पोचली की थांबा. दुसऱ्या दिवशी चादर घसरते तेव्हा अख्ख्या पटांगणातून जो ‘हां!’ निघतो, तो आधी गोष्ट सांगितलेल्या आणि न सांगितलेल्या शाळेत सारखा नसतो.

पुढचे दोन भागही निघाले, 2008 आणि 2010 मध्ये. दुसरा ठीक, तिसरा सोडला तरी चालेल. पुस्तकं सात आहेत.

आणि शेवटी नावं वर सरकू लागली की प्रोजेक्टर बंद करू नका. पोट्टे उठतात, कोणीतरी वायर गुंडाळायला धावतं, सतरंजीची टोकं ओढायला सुरुवात होते. त्यांना बसवा. नावांच्या मधे आणखी एक छोटा प्रसंग आहे : रात्री लूसी एकटी पुन्हा कपाटाजवळ येते, आणि प्रोफेसर तिथे आधीच बसलेला असतो. दोघं निघून गेल्यावर दार किंचित उघडतं आणि फटीतून उजेड येतो. तो उजेड कापडावर नीट पडू द्या, मग सतरंज्या उचला.